कॉन्ट्रॅक्ट नोट ओळीओळीने कशी तपासावी

शेअर घेतला किंवा विकला की मोबाइलवर आकडा बदलतो आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. खरा कागद संध्याकाळी किंवा रात्री ईमेलवर येतो. त्याचं नाव कॉन्ट्रॅक्ट नोट. ॲपवर दिसतं ते ब्रोकरने दाखवलेलं असतं. कॉन्ट्रॅक्ट नोट ब्रोकरने सही करून दिलेली असते. उद्या भावावरून, संख्येवरून किंवा पैशांवरून वाद झाला तर हाच कागद समोर ठेवावा लागतो. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, कणकवली इथे घरटी एखादं तरी डीमॅट खातं निघेल, पण हा कागद उघडून बघणारे त्या मानाने फार थोडे. हे बदलायला हवं, कारण तपासायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

देवगड-रत्नागिरीच्या बागायतदाराला वाशीच्या बाजारातून येणारी आंब्याची पट्टी वाचता येते: पेट्या किती गेल्या, भाव काय लागला, दलाली, हमाली, भाडं किती कापलं आणि हातात किती आले. कॉन्ट्रॅक्ट नोटची मांडणी हीच आहे. फक्त कापलेल्या रकमांची नावं वेगळी आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशांचे दर ब्रोकरच्या नव्हे तर सरकार, सेबी (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था) आणि शेअर बाजार यांच्या हातात असतात.

आधी नोट तुमच्यापर्यंत पोहोचतेय का

सौदा झाल्यापासून २४ तासांच्या आत कॉन्ट्रॅक्ट नोट देणं ब्रोकरवर बंधनकारक आहे. सौदा एका शेअरचा असो की हजार शेअरचा, नियम तोच. ईमेलवर येणारी पीडीएफ फाइल पासवर्डने बंद असते. बहुतेक ब्रोकरकडे पासवर्ड म्हणजे तुमचा पॅन, सगळी अक्षरं कॅपिटलमध्ये. फाइल उघडत नसेल तर आधी छोट्या लिपीतली अक्षरं टाइप झालीत का ते बघा. नेहमीचं कारण तेच असतं.

कोकणात एक गोष्ट सर्रास घडते. खातं गावातल्या आईवडिलांच्या नावाचं, पण उघडताना ईमेल आणि मोबाइल नंबर मुंबईतल्या मुलाचा दिला जातो. अवलंबून असलेल्या आईवडिलांच्या खात्याला घरातल्याच माणसाचा नंबर लावायला परवानगी आहे, पण तशी लेखी नोंद ब्रोकरकडे असायला हवी. नंबर घरातल्या कोणाचाच नसून खातं उघडून देणाऱ्या माणसाचा असेल तर तो आजच बदला. नाहीतर कॉन्ट्रॅक्ट नोट त्याच्याकडे जाते, शेअर बाजाराकडून येणारा एसएमएस त्याच्याकडे जातो, ओटीपीही त्याच्याकडेच जातो. तुमच्या नावावर काय चाललंय हे तुम्हाला कळायचा एकही मार्ग उरत नाही.

ईमेलची पेटी भरल्यामुळे किंवा पत्ता चुकल्यामुळे मेल परत गेला तर ब्रोकरने छापील नोट पाठवायची असते. तेवढ्यावर विसंबू नका. ब्रोकरच्या वेबसाइटवर किंवा ॲपच्या ‘रिपोर्ट्स’ विभागात मागच्या तारखांच्या नोटा उतरवून घेता येतात. पावसाळ्यात चार दिवस नेटवर्क गेलं असेल तर परत आल्यावर तिथून सगळ्या एकदम घ्या.

फाइलवर डिजिटल सही असते. मोबाइलवरच्या साध्या पीडीएफ वाचकात ती नीट दिसत नाही. संगणकावर ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडली तर सहीच्या जागी हिरवी खूण किंवा पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं. प्रश्नचिन्ह म्हणजे नोट खोटी असं नाही. सही देणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र त्या संगणकाने अजून विश्वासू यादीत घेतलेलं नसतं, एवढाच त्याचा अर्थ. मात्र सही झाल्यावर कागदात बदल झाल्याचा संदेश दिसला तर थांबा आणि ब्रोकरला विचारा. छापून फाइलमध्ये लावलेल्या प्रतीत ही डिजिटल सही तपासता येत नाही, म्हणून मूळ पीडीएफ जपून ठेवायची.

कागदाचा वरचा भाग

सगळ्यात वर ब्रोकरचं नाव, पत्ता आणि सेबीचा नोंदणी क्रमांक असतो. शेअर ब्रोकरचा हा क्रमांक ‘आयएनझेड’ या तीन अक्षरांनी सुरू होतो आणि सेबीच्या वेबसाइटवर नोंदणीकृत मध्यस्थांच्या यादीत तो शोधता येतो. नव्या ब्रोकरकडून आलेल्या पहिल्या नोटेवर एवढं काम जरूर करा. तिथेच अनुपालन अधिकाऱ्याचं (ब्रोकरकडे नियम पाळले जातात की नाही हे बघणाऱ्याचं) नाव आणि गुंतवणूकदारांच्या तक्रारींसाठीचा ईमेल पत्ता छापलेला असतो. तो वेगळा लिहून ठेवा. गरज पडते तेव्हा तो शोधायला डोकं शांत नसतं.

गावातल्या ऑफिसात बसून ऑर्डर टाकून देणारा माणूस बहुतेक वेळा ब्रोकर नसतो, ब्रोकरचा ‘ऑथराइज्ड पर्सन’ असतो. लोक त्याला अजून सब-ब्रोकरच म्हणतात. त्याला स्वतःच्या नावाने कॉन्ट्रॅक्ट नोट देता येत नाही आणि तुमच्याकडून स्वतःच्या नावाने पैसे किंवा शेअरही घेता येत नाहीत. नोट नेहमी मुख्य ब्रोकरच्याच नावाची असली पाहिजे. वहीच्या पानावर किंवा ऑफिसच्या लेटरहेडवर लिहून दिलेला हिशेब कितीही नीटस असला तरी तो कॉन्ट्रॅक्ट नोट नव्हे.

त्याखाली तुमचं नाव, पॅन, क्लायंट कोड, नोटेचा क्रमांक, सौद्याची तारीख, सेटलमेंट नंबर आणि सेटलमेंटची, म्हणजे पैसे आणि शेअर यांची देवघेव पुरी व्हायची, तारीख. एकाच घरात दोन-तीन खाती असतील तर क्लायंट कोड बघायचाच. नवऱ्याच्या खात्यात घ्यायचे शेअर बायकोच्या खात्यात गेले, असे घोळ सर्वात जास्त फोनवरून दिलेल्या ऑर्डरमध्ये होतात.

सौद्याच्या ओळी

मधल्या तक्त्यात प्रत्येक सौद्याची ओळ असते: ऑर्डर नंबर, ऑर्डरची वेळ, ट्रेड नंबर, ट्रेडची वेळ, शेअरचं नाव, खरेदी की विक्री, संख्या, दर. काही ब्रोकर पहिल्या पानावर फक्त सरासरी दर देतात आणि या तपशिलाचं परिशिष्ट मागे जोडतात. परिशिष्ट सोडून देऊ नका, खरी माहिती तिथेच असते.

ऑर्डर एक आणि ट्रेड अनेक, हे दिसलं की नवा माणूस दचकतो. तुम्ही २०० शेअरची ऑर्डर दिली. समोर त्या क्षणी ४९९.८० रुपयांना १२० शेअर विकणारा होता, पुढचा विकणारा ५००.३० रुपयांना होता. तुमची ऑर्डर दोन तुकड्यांत भरली, म्हणून ऑर्डर नंबर एकच आणि ट्रेड नंबर दोन. १२० गुणिले ४९९.८० म्हणजे ५९,९७६ रुपये, ८० गुणिले ५००.३० म्हणजे ४०,०२४ रुपये. बेरीज १,००,००० आणि सरासरी दर बरोबर ५०० रुपये. ही सरासरी संख्येनुसार काढलेली असते. दोन दरांची बेरीज करून दोनने भागलं तर ५००.०५ येईल आणि नोट चुकीची आहे असा भलताच समज होईल.

ब्रोकरची दलाली ‘प्रत्येक ऑर्डरला अमुक रुपये’ अशी ठरलेली असेल तर दोन ट्रेड झाले म्हणून ती दोनदा लागता कामा नये. मात्र ऑर्डर अर्धीच भरली आणि उरलेल्या शेअरसाठी दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर टाकली, तर ती वेगळी ऑर्डर धरली जाते.

वेळांवर नजर टाका. एरवीचं कामकाज सकाळी ९.१५ ते दुपारी ३.३० चालतं, त्याआधी ९ पासून प्री-ओपन सत्र असतं. ट्रेडची वेळ ऑर्डरच्या वेळेच्या आधीची असूच शकत नाही. ज्या वेळेला तुम्ही ऑर्डर दिलीच नव्हती, ती वेळ तिथे छापलेली असेल तर ती ऑर्डर कोणी टाकली, हा पहिला प्रश्न. दर पटतोय का हे बघायचा सोपा उपाय असा: त्या दिवशीचा त्या शेअरचा उच्चांक आणि नीचांक बघा. तुमचा दर त्या दोघांच्या मध्येच असायला हवा.

शेअरच्या नावापुढे बारा अक्षर-अंकांचा आयसिन नंबर असतो. भारतीय कंपन्यांच्या शेअरचा तो सहसा ‘आयएनई’ने सुरू होतो. एकाच समूहाच्या दोन-तीन कंपन्यांची नावं सारखी असतात, तेव्हा खरी ओळख आयसिनवरूनच पटते. शेअरचं विभाजन झालं की आयसिन बदलतो, त्यामुळे जुन्या आणि नव्या नोटेवर एकाच कंपनीचे दोन आयसिन दिसले तर लगेच घाबरू नका, मध्ये विभाजन झालंय का ते तपासा.

कापलेल्या रकमा

खरी मेहनत इथे आहे. वरचंच उदाहरण पुढे नेऊ: एनएसईवर २०० शेअर, सरासरी ५०० रुपये, म्हणजे १,००,००० रुपयांची डिलिव्हरीची (शेअर त्याच दिवशी न विकता डीमॅटला घ्यायची) खरेदी. गावातल्या शाखेतून व्यवहार करणाऱ्या पारंपरिक ब्रोकरने ०.३० टक्के दलाली ठरवली आहे असं धरा.

दलाली ३०० रुपये, म्हणजे शेअरमागे १.५० रुपये. म्हणून नोटेवर मूळ दर ५००.००, प्रति शेअर दलाली १.५० आणि निव्वळ दर ५०१.५० असं दिसेल. विक्रीच्या नोटेत हीच दलाली दरातून वजा होते आणि निव्वळ दर ४९८.५० दिसतो. तुमचा शेअर कमी भावाला विकला असा संशय घेण्याआधी मूळ दराचा रकाना वाचा.

पुढची ओळ शेअर बाजाराच्या व्यवहार शुल्काची. एनएसईवर ते लाखाला सुमारे ३ रुपये पडतं, बीएसईवर बहुतेक शेअरना लाखाला ३.७५ रुपये. आपण ३ रुपये धरू. सेबीचं शुल्क कोटीला १० रुपये आहे, म्हणजे लाखाला १० पैसे.

जीएसटी १८ टक्के, पण तो शेअरच्या किमतीवर नसतो. दलाली, व्यवहार शुल्क आणि सेबी शुल्क यांच्या बेरजेवर तो लागतो. ३०३.१० रुपयांचे १८ टक्के म्हणजे ५४.५६. ब्रोकरची जीएसटी नोंदणी महाराष्ट्रातली असेल तर हा आकडा केंद्राचा ९ टक्के आणि राज्याचा ९ टक्के असा दोन ओळींत, २७.२८ अधिक २७.२८ असा येतो. ब्रोकर बंगळुरूचा असेल आणि तुमचा पत्ता सावंतवाडीचा, तर एकाच ओळीत आयजीएसटी १८ टक्के दिसतो. रक्कम दोन्हीकडे सारखीच. दोन्ही प्रकार एकाच सौद्यावर एकत्र लागलेले दिसले तर ती चूक आहे.

एसटीटी, म्हणजे रोखे व्यवहार कर, डिलिव्हरीच्या खरेदीवर ०.१ टक्के आणि विक्रीवरही ०.१ टक्के. इथे १०० रुपये. त्याच दिवशी घेऊन विकलं, म्हणजे इंट्राडे केलं, तर तो फक्त विक्रीच्या रकमेवर ०.०२५ टक्के लागतो. स्टँप ड्यूटी १ जुलै २०२० पासून देशभर एकसारखी झाली: डिलिव्हरीच्या खरेदीवर ०.०१५ टक्के, इंट्राडे खरेदीवर ०.००३ टक्के, विक्रीवर काही नाही. आपल्या उदाहरणात १५ रुपये. या दोन्ही रकमांवर जीएसटी लागत नाही.

आता बेरीज: १,००,००० + ३०० + ३ + ०.१० + ५४.५६ + १०० + १५ = १,००,४७२.६६ रुपये. नोटेच्या तळाशी हाच आकडा यायला हवा, पैशा-दोन पैशांचा फरक सोडून. एसटीटी पूर्ण रुपयात केला जातो, त्यामुळे छोट्या सौद्यांत पन्नास पैशांपर्यंत इकडेतिकडे होतं. त्यासाठी भांडू नका.

तेच शेअर ५०० रुपयांनाच विकले तर ३००, ३, ०.१०, ५४.५६ आणि १०० असे ४५७.६६ रुपये कापले जाऊन ९९,५४२.३४ रुपये मिळतील. जाऊन-येऊन खर्च ९३०.३२ रुपये झाला. याचा अर्थ शेअर निदान साडेचार-पाच रुपये वर गेल्याशिवाय तुमचं मुद्दलही सुटत नाही. डिलिव्हरीवर दलाली न घेणाऱ्या ब्रोकरकडे हाच व्यवहार २२२.३२ रुपयांत होतो. ७०८ रुपयांचा फरक म्हणजे ६०० रुपये दलाली आणि तिच्यावरचा १०८ रुपये जीएसटी. गावातल्या ऑफिसात माणूस भेटतो, फोनवर बोलतो, फॉर्म भरून देतो, त्याचे पैसे देण्यात काही गैर नाही. पण किती देतोय ते माहीत असावं आणि उलाढाल वाढली की दर कमी करून मागावा. दलालीचा दर बोलून ठरतो. एसटीटी आणि स्टँप ड्यूटी कोणाच्याही सांगण्यावरून कमी होत नाहीत, त्यामुळे ‘आमच्याकडे एसटीटी कमी लागतो’ असं सांगणाऱ्यापासून लांब राहा.

टक्केवारीमागे ‘किमान दलाली’ लपलेली असते, ती शोधून काढा. समजा करारात ०.३० टक्के किंवा शेअरमागे किमान ५ पैसे, यातलं जे जास्त ते, असं लिहिलंय. आठ रुपयांचे १,००० शेअर घेतले तर ०.३० टक्क्यांनी २४ रुपये व्हायला हवेत, पण किमान दराने ५० रुपये लागतात. टक्क्यांत ते ०.६२५ झाले. स्वस्त शेअर मोठ्या संख्येने घेणाऱ्यांना हा फटका हमखास बसतो. याला वरची मर्यादाही आहे: रोखीच्या व्यवहारात दलाली अडीच टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही, आणि शेअर दहा रुपये किंवा त्याहून कमी भावाचा असेल तर शेअरमागे २५ पैशांपलीकडे नाही.

आणखी एक नेहमीची तक्रार: ‘इंट्राडे केलं, मग एसटीटी एवढा कसा?’ बहुतेक वेळा सौदा बंद व्हायचा राहिलेला असतो किंवा ऑर्डर देतानाच डिलिव्हरीचा पर्याय निवडलेला असतो. सकाळी १०० शेअर घेतले, दुपारी ८० विकले, तर ८० इंट्राडे आणि २० डिलिव्हरी. नोटेवर दोन्ही दरांचं मिश्रण दिसतं आणि ते बरोबर असतं.

शेवटचा आकडा आणि तारीख

तळाच्या ओळीत ‘क्लायंटला मिळणारी किंवा क्लायंटने द्यायची रक्कम’ अशा अर्थाचं शीर्षक असतं. साधारण रीत अशी की कंसात छापलेली किंवा उणे चिन्हाची रक्कम तुम्ही द्यायची आणि कंसाशिवायची तुम्हाला मिळायची. काही ठिकाणी डेबिट-क्रेडिट लिहिलेलं असतं. एका दिवशी खरेदी-विक्री दोन्ही झाली असेल तर फक्त वजाबाकी उरते, त्यामुळे ओळी न वाचता हा आकडा बघून काहीच कळत नाही.

सेटलमेंटची तारीख सौद्याच्या पुढच्या कामकाजाच्या दिवसाची असते. जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअरना ही पद्धत आहे. शुक्रवारचा सौदा सोमवारी पुरा होतो. महाराष्ट्रातल्यांनी ध्यानात ठेवायची गोष्ट म्हणजे बाजार उघडा असूनही बँकांच्या सुट्टीमुळे सेटलमेंट बंद असू शकतं. १९ फेब्रुवारी २०२५ ला शिवजयंतीच्या दिवशी हेच झालं: बाजार चालू होता, पण १८ आणि १९ या दोन्ही दिवसांचे सौदे २० तारखेला पुरे झाले. दोन्ही दिवसांचे सेटलमेंट नंबर मात्र वेगवेगळे राहतात. आंब्याच्या हंगामात मजुरी द्यायला किंवा गणपतीच्या खर्चाला शेअर विकणार असाल तर नोटेवरची ही तारीख बघा, नंतर पैसे बँकेत वळते व्हायचा वेळ धरा, आणि मगच पुढच्याला शब्द द्या.

नोटेत जे नसतं

ब्रोकरच्या खातेवहीतला, म्हणजे लेजरमधला आकडा नोटेशी जुळला नाही की लोक थेट फसवणुकीचा आरोप करतात. काही खर्च नोटेत येतच नाहीत. शेअर विकल्यावर डीमॅटमधून बाहेर जाताना डीपी शुल्क लागतं. ते प्रत्येक कंपनीमागे, प्रत्येक दिवशी एकदा, संख्या कितीही असली तरी. बहुतेक ठिकाणी ते पंधरा-वीस रुपयांच्या आसपास असतं, वर जीएसटी. पाच कंपन्यांचा एकेक शेअर विकला तर पाच वेळा लागणार, आणि शेअर शंभर रुपयांचा असेल तर विक्रीच्या रकमेचा साधारण पाचवा हिस्सा त्यातच जाणार. वार्षिक डीमॅट शुल्क आणि पैसे उशिरा भरल्याचं व्याजही लेजरमध्येच दिसतं.

लिलावाचा दंडही असाच मागाहून येतो. काल घेतलेले शेअर डीमॅटला जमा होण्याआधी आज विकले, आणि मूळ विकणाऱ्याने ते दिलेच नाहीत, तर तुमच्याकडूनही पुढे देता येत नाहीत. मग शेअर बाजार लिलावात ते विकत घेतो आणि फरक तुमच्या खात्यावर टाकतो. विक्रीची नोट बरोबर दिसते, नुकसान दोन-तीन दिवसांनी कळतं.

तीन ठिकाणी जुळवणी

सौद्याच्या रात्री नोटेतली संख्या, दर आणि बाजू (खरेदी की विक्री) आपण दिलेल्या ऑर्डरशी जुळवा. एनएसई आणि बीएसई दिवसाअखेर झालेल्या व्यवहाराचा एसएमएस पाठवतात. त्यातली रक्कम दलाली आणि करांशिवायची असते, म्हणून ती नोटेतल्या मूळ रकमेशी जुळवायची, तळाच्या निव्वळ आकड्याशी नाही. दोन्ही शेअर बाजारांच्या वेबसाइटवर सौदा पडताळायची सोयही आहे, पण ती अलीकडच्या दिवसांपुरतीच चालते. महिनाभराने जागं होऊन उपयोग नाही.

सेटलमेंटच्या दिवशी लेजर उघडा. नोटेतली निव्वळ रक्कम त्याच सेटलमेंट नंबरासह एका ओळीत आली पाहिजे.

शेअर डीमॅटला आले का हे ब्रोकरच्या ॲपवर न बघता सीडीएसएलच्या ‘इझी’ किंवा एनएसडीएलच्या ‘आयडियाज’ सेवेत बघा. सीडीएसएल आणि एनएसडीएल या डीमॅटमधले शेअर सांभाळणाऱ्या संस्था, म्हणजे डिपॉझिटरी. दोन्ही सेवा मोफत आहेत आणि ब्रोकरच्या यंत्रणेबाहेर आहेत. खातं कोणत्या डिपॉझिटरीत आहे ते डीमॅट क्रमांकावरून कळतं: एनएसडीएलचा ‘आयएन’ने सुरू होतो, सीडीएसएलचा सोळाच्या सोळा अंकांचा असतो.

न केलेला सौदा दिसला तर

त्याच दिवशी फोन करा आणि फोन ठेवल्यावर लगेच नोटेवरच्या तक्रार पत्त्यावर ईमेल पाठवा. ओळखीच्या माणसाशी बोलून मिटवू, असं म्हणून थांबण्यात जे दिवस जातात तेच पुढे अंगाशी येतात. इतके दिवस गप्प होतात म्हणजे सौदा मान्य होता, असं ब्रोकर म्हणतो. ईमेलमध्ये नोटेचा क्रमांक, ऑर्डर नंबर, ट्रेडची वेळ, शेअर, संख्या लिहा आणि एक वाक्य ठळक टाका: ‘ही ऑर्डर मी दिल्याचा पुरावा द्यावा.’ २०१८ पासून ग्राहकाने ऑर्डर दिल्याचा पुरावा, म्हणजे सहीचा कागद, फोनचं ध्वनिमुद्रण, ईमेल, एसएमएस किंवा इंटरनेट व्यवहाराची नोंद, जपून ठेवणं ब्रोकरची जबाबदारी आहे. वाद झाला की तो त्यानेच दाखवायचा असतो.

उत्तर समाधानकारक नसेल तर सेबीच्या ‘स्कोअर्स’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. ब्रोकरने २१ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. त्यानेही भागलं नाही तर ‘स्मार्ट ओडीआर’ पोर्टलवर आधी सलोखा आणि मग लवाद, तोही ऑनलाइन. मुंबईला खेपा घालायची गरज उरलेली नाही. सेबीचा मोफत मदत क्रमांक १८०० २६६ ७५७५ आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

नोटच येत नसेल तर

मग तो सौदा शेअर बाजारात झालेलाच नाही, असं धरून चाला. ‘डब्बा’ चालवणारा भाव शेअर बाजाराचा दाखवतो, पण सौदा स्वतःच्या वहीत लिहितो. त्यात एसटीटी नाही, स्टँप ड्यूटी नाही, कॉन्ट्रॅक्ट नोट नाही. तो बेकायदा आहे, आणि तुम्ही मोठे जिंकलात आणि माणूस गायब झाला तर दाद मागायला कुठे जागा नाही. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामच्या ग्रुपमधून उतरवायला लावलेल्या ॲपचंही तसंच. पडद्यावर नफा वाढत असतो, पैसे मात्र दर वेळी वेगळ्याच माणसाच्या बँक खात्यात भरायला सांगतात. अशा ठिकाणी पहिल्याच सौद्यानंतर कॉन्ट्रॅक्ट नोट मागा आणि आयसिन, ट्रेड नंबर व ‘आयएनझेड’ क्रमांक सेबी आणि शेअर बाजाराच्या वेबसाइटवर तपासा. टाळाटाळ झाली तर पुढचा रुपया टाकू नका. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करा, कारण पैसे पुढे वळवले जाण्याआधी खातं गोठवता आलं तरच ते परत मिळायची आशा असते.

नोटा किती काळ ठेवायच्या

शेअर विकून त्याचं आयकर विवरण भरून होईपर्यंत खरेदीची नोट लागते, आणि त्यानंतरही काही वर्षं ठेवलेली बरी. वीस वर्षांनी विकणार असाल तर वीस वर्षं. ब्रोकर बदलला की जुन्या खात्याचे रिपोर्ट बंद होतात, म्हणून खातं बंद करण्याआधी सगळ्या नोटा उतरवून घ्या. आर्थिक वर्षानुसार फोल्डर करा, फाइलच्या नावात तारीख आधी टाका आणि एक प्रत मोबाइलबाहेर ठेवा.

भांडवली नफा काढताना एसटीटी खर्चात धरता येत नाही. दलाली, तिच्यावरचा जीएसटी आणि स्टँप ड्यूटी धरता येतात. वरच्या उदाहरणात खरेदीची किंमत १,००,४७२.६६ मधून एसटीटीचे १०० वजा करून १,००,३७२.६६ धरायची. इंट्राडेचं उत्पन्न मात्र धंद्याचं मानलं जातं आणि तिथे एसटीटी खर्च म्हणून वजा होतो. ब्रोकर वर्षअखेर तयार नफा-तोट्याचा तक्ता देतो, पण दुसऱ्या ब्रोकरकडून वळवून आणलेल्या शेअरची खरेदीची किंमत त्याला माहीत नसते. त्या रकान्यात शून्य किंवा वळवलेल्या दिवसाचा भाव पडतो आणि कर भलताच निघतो. तिथे जुन्या नोटेतला दर आणि तारीख स्वतः भरावी लागते.